मागावी न लागणारी सोय



महाविद्यालयाची इमारत उभी राहते तेव्हा तिच्या आराखड्यात पिण्याच्या पाण्याची टाकी, हात धुण्याची जागा, आग विझविण्याची साधने आणि प्रथमोपचाराची पेटी यांची तरतूद केलेली असते. या सोयींसाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. पाणी प्यावयास आलेल्या विद्यार्थ्याला तहान का लागली असे कोणी विचारीत नाही, की त्याची सही घेत नाही. त्याच इमारतीत वावरणाऱ्या विद्यार्थिनींना, प्राध्यापिकांना, कार्यालयातील महिला कर्मचाऱ्यांना आणि सफाई करणाऱ्या स्त्रियांना महिन्यातून चार-पाच दिवस आणखी एका वस्तूची गरज पडते. ती वस्तू म्हणजे सॅनिटरी पॅड. आराखड्यात तिला बहुधा जागा नसते, अंदाजपत्रकात तिच्या नावाचे शीर्ष नसते आणि संस्थेच्या बैठकांत तिचा उल्लेख संकोचाने होतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील शिक्षणसंस्था डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठी घरांतून या दिवसांना ‘अडचण’ म्हणण्याची रीत आहे. ‘कावळा शिवला’ हेही म्हटले जाते. आडवळणाच्या या शब्दांनी विषय झाकला गेला, आणि विषय झाकला गेल्यामुळे त्याची व्यवस्थाही राहून गेली. वास्तविक शरीरधर्माविषयी मराठीत शास्त्रशुद्ध आणि निःसंकोच लिहिता येते हे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून दाखवून दिले होते. मासिक पाळी हा निसर्गक्रम आहे. अडचण निर्माण होते ती हाताशी साधन नसल्यामुळे, स्वच्छतागृहात पाणी नसल्यामुळे आणि वापरलेले पॅड टाकावयास जागा नसल्यामुळे. या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातातील आहेत.

कामगारनगरीतील विद्यार्थिनी

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर या भागात कारखानदारीचा विस्तार झपाट्याने झाला. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७,२७,६९२ भरली. पुढे उद्योगांचा ओघ नाशिक रस्त्याने चाकणकडे वळला आणि कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखले जाणारे ते गाव मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांचे केंद्र झाले.

या उद्योगनगरीत स्त्रीचा प्रवेश सहज झाला नाही. १९७४ साली टेल्को कंपनीच्या एका जाहिरातीत महिला उमेदवारांनी अर्ज करू नयेत असे नमूद केलेले होते. त्या वेळच्या तरुण अभियंता सुधा कुलकर्णी यांनी (पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या) जे. आर. डी. टाटा यांना एक पोस्टकार्ड लिहून आपला निषेध कळविला. त्यांना मुलाखतीला बोलावण्यात आले आणि त्या टेल्कोतील पहिल्या महिला अभियंता ठरल्या. त्याच कंपनीच्या पुण्यातील कारखान्यात पुढे सर्वस्वी महिलांच्या तुकडीकडून मोटारींची जोडणी होऊ लागली. पन्नास वर्षांत घडून आलेला हा पालट सामान्य नव्हे.

कारखान्यात जाणारी ही वाट आता महाविद्यालयातून जाते. पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ, निगडीचे १९९९ साली सुरू झालेले पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय, मावळातील साते येथील पिंपरी-चिंचवड विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेली अनेक महाविद्यालये या पट्ट्यात आहेत. तेथील वर्गांत कामगारांच्या, छोट्या दुकानदारांच्या आणि खेड, मावळ, मुळशी या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या मुली बसलेल्या दिसतात. घरातून महाविद्यालयात येणारी ती पहिलीच मुलगी, असेही पुष्कळदा असते.

या विद्यार्थिनीचा दिवस लांब असतो. चाकणच्या पलीकडील गावातून निघालेली मुलगी सकाळी अंधार सरता सरता घराबाहेर पडते. नाशिक रस्त्यावरील आणि तळेगाव-चाकण रस्त्यावरील मालमोटारींच्या रांगांतून बस पुढे सरकावी लागते. तास, प्रात्यक्षिक, ग्रंथालय आणि परतीचा प्रवास मिळून दहा-बारा तास सहज होतात. पॅड साधारणतः चार ते सहा तासांनी बदलावे असा आरोग्यशास्त्राचा सल्ला आहे. म्हणजे घराबाहेरील एका दिवसात निदान दोन वेळा तरी तिला पॅड, पाणी, आडोसा आणि कचऱ्याचे भांडे यांची गरज पडते. पाळी कधी ठरल्या दिवसाआधीही येते. अशा वेळी प्रयोगशाळेतील मुलगी मैत्रिणीच्या कानाशी लागते, मैत्रिणीजवळ नसेल तर फाटकाबाहेरील दुकान गाठते. दुकान लांब असेल किंवा पर्समध्ये पैसे नसतील तर ती घरी परतते. हजेरीपटावर तेवढी एक रेघ पडते. तिचे कारण त्यावर कोठेच लिहिलेले नसते.

एकोणिसाव्या वर्षाची रेषा

या क्षेत्रात शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०११ साली ग्रामीण भागातील १० ते १९ वर्षे वयाच्या मुलींसाठी मासिक पाळी स्वच्छता योजना सुरू केली आणि आशा कार्यकर्त्यांमार्फत सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना देण्याची व्यवस्था केली. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना आरंभिली. तीत जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याचे ठरले आणि विक्रीचे काम महिला बचत गटांकडे सोपविण्यात आले. १ जुलै २०१७ पासून सॅनिटरी पॅडवर १२ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला होता. देशभर झालेल्या मागणीनंतर जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांतून ‘सुविधा’ हे पॅड अडीच रुपयांना मिळू लागले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची किंमत एक रुपयावर आणण्यात आली. १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सर्व राज्यांसाठी एकसमान राष्ट्रीय धोरण आखण्यास केंद्र शासनाला सांगितले.

या प्रयत्नांची फळे दिसत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांत स्वच्छ साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झाले. तरीही याच पाहणीचा दुसरा अर्थ असा, की दर पाच तरुणींपैकी एकीहून अधिक तरुणी या साधनांपासून वंचित होत्या.

या योजनांतील एक समान गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. २०११ ची आणि २०१८ ची योजना एकोणिसाव्या वर्षी थांबली. सर्वोच्च न्यायालयापुढील मूळ याचिकाही सहावी ते बारावीच्या मुलींसाठी होती. विद्यापीठाचे शिक्षण सुरू होते तेच अठराव्या वर्षाच्या सुमारास. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत जिला सवलतीच्या दराने पॅड मिळावे अशी काळजी घेतली गेली, तीच मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पोहोचताच त्या काळजीच्या कक्षेबाहेर जाते. तिची गरज मात्र आणखी तीस वर्षे तशीच राहणार असते. या रेषेच्या पलीकडे तिची जबाबदारी कोणी घ्यावी, हा खरा प्रश्न आहे. आणि जेथे ती दिवसाचा मोठा भाग घालविते त्या शिक्षणसंस्थेने ती घ्यावी, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

८ जुलै २०२४ च्या निर्णयान्वये महाराष्ट्र शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी शासन एवढा भार उचलीत असताना, त्या शिक्षणाचे दिवस काही रुपयांच्या वस्तूवाचून बुडावेत हे शासनाच्या खर्चाच्या दृष्टीनेही परवडणारे नाही.

‘मोफत’ या शब्दाचा अर्थ

काही ठिकाणी सोय असते, परंतु ती कुलपात असते. पॅडची पाकिटे कार्यालयातील कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई भोजनाच्या सुटीवर, असा क्रम जुळून येतो. नोंदवहीत नाव, वर्ग आणि कारण लिहावयाचे असते. पुरुष कर्मचाऱ्यासमोर उभे राहून ही नोंद करण्यापेक्षा मुली घरी जाणे पसंत करतात. वर्षअखेरीस कपाटात पाकिटे शिल्लक राहतात आणि ‘मागणी नाही’ असा शेरा पडतो. दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर यंत्र असते. त्यात नाणे टाकावे लागते, आणि विद्यार्थिनीच्या हाती आता नाणे नसून मोबाइल असतो. कधी यंत्रात पॅड अडकते, कधी ते भरावयाचे कोणी यावर एकमत नसते. उद्घाटनाची फीत कापली गेल्यानंतर यंत्राकडे पाहणारे कोणी उरत नाही.

या बाबतीत स्कॉटलंडचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील संसदेने नोव्हेंबर २०२० मध्ये एक कायदा संमत केला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तो पूर्णपणे अमलात आला. त्याअन्वये स्थानिक संस्थांनी गरजू व्यक्तींना, आणि शाळा, महाविद्यालये व विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांना ही साधने विनामूल्य उपलब्ध करून देणे बंधनकारक झाले. कायद्याने तीन अटी घातल्या: साधन सहज मिळावे, ते घेताना व्यक्तीची प्रतिष्ठा राखली जावी आणि निरनिराळ्या प्रकारांतून निवड करता यावी. यांतील दुसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. जे मिळविण्यासाठी मान खाली घालावी लागते, त्याची किंमत घेणाऱ्याने चुकविलेलीच असते.

आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये केरळातील कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने विद्यार्थिनींना उपस्थितीत दोन टक्के सवलत दिली, त्यामुळे ७५ ऐवजी ७३ टक्के हजेरी पुरेशी ठरली. वेदनांमुळे ज्यांना खरोखरीच विश्रांतीची आवश्यकता असते त्यांच्यासाठी ही सवलत योग्य आहे. परंतु जी मुलगी साधनाअभावी गैरहजर राहते तिला रजेपेक्षा साधन हवे असते. ते मिळाले तर ती वर्गात बसू शकते.

म्हणून व्यवस्था अगदी साधी असावी. प्रत्येक मजल्यावरील महिला स्वच्छतागृहात, अपंगांसाठी राखीव असलेल्या स्वच्छतागृहात, ग्रंथालयाजवळ, वसतिगृहात आणि परीक्षा केंद्रात उघडी मांडणी असावी. तीत दोन आकारांची पॅड ठेवावीत. कुलूप, नोंदवही किंवा नाणे यांची गरज असू नये. एक सूचना-पाटी पुरेशी आहे: ‘लागेल तेवढे घ्यावे.’

खर्चाचा हिशेब

अशी मांडणी ठेवली तर सारी पॅड एकाच दिवशी नाहीशी होतील, ही शंका हमखास घेतली जाते. आरंभी मांडणी लवकर रिकामी होईल, हे गृहीत धरावे. आजवर दबून राहिलेल्या गरजेचे माप त्यातून कळेल. उद्याही येथे पॅड असेल असा विश्वास बसला, की साठा करून ठेवण्याचे कारण राहत नाही.

खर्चाचा अंदाज कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एका महाविद्यालयात एक हजार विद्यार्थिनी आणि शंभर महिला कर्मचारी आहेत. प्रत्येकीस एका पाळीत सुमारे पंधरा पॅड लागतात आणि त्यांपैकी पाच संस्थेच्या आवारात असताना लागतात असे मानले, तर कामकाजाच्या दहा महिन्यांत दरडोई पन्नास, म्हणजे एकूण पंचावन्न हजार पॅड लागतील. घाऊक खरेदीत एका पॅडला तीन रुपये धरले तर वर्षाचा खर्च १,६५,००० रुपये होतो. दरडोई हा खर्च वर्षाला दीडशे आणि महिन्याला पंधरा रुपये पडतो. जनऔषधीच्या एक रुपयाच्या दराने हिशेब केला तर रक्कम ५५,००० रुपयांवर येते. वसतिगृहातील मुलींसाठी अर्थातच अधिक तरतूद करावी लागेल. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आणि पाहुण्यांच्या पुष्पगुच्छांवर होणाऱ्या खर्चाशी ही रक्कम ताडून पाहिली, तर पैशांअभावी हे काम अडले आहे असे म्हणता येणार नाही.

स्वस्त मिळते म्हणून निकृष्ट माल घेऊ नये. सॅनिटरी पॅडसाठी भारतीय मानक आय. एस. ५४०५ हे १९६९ पासून अस्तित्वात आहे. १९८० आणि २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. धुऊन पुन्हा वापरावयाच्या पॅडसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र मानक आले. बचत गटांकडून खरेदी करणे स्वागतार्हच आहे. मात्र त्यांचा माल या मानकांस उतरतो याची तपासणी करून घ्यावी. कापडी पॅड आणि मासिक पाळीचे कप हे पर्यायही ज्यांना हवे त्यांना मिळावेत. त्यांना पाणी आणि एकांत अधिक लागतो, म्हणून नळ स्वच्छतागृहाच्या दाराच्या आत असावा.

वापरानंतरची व्यवस्था

साधन पुरविले म्हणजे काम संपले असे होत नाही. बाजारातील बहुतेक पॅडमध्ये लाकडाचा लगदा, द्रव शोषून घेणारे रसायन आणि प्लॅस्टिकचे पातळ पदर असतात. ते शेकडो वर्षे कुजत नाहीत. भांडे नसेल तर पॅड संडासात टाकले जाते आणि नळ तुंबतो. कागदात न गुंडाळता कचऱ्यात टाकले तर ते कोणाच्या तरी उघड्या हातांनी वेगळे करावे लागते. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३ साली वापरलेली पॅड उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवून या हातांकडे देशाचे लक्ष वेधले होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पॅडसोबत ते गुंडाळण्यासाठी पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली.

पुष्कळ संस्था स्वच्छतागृहात छोटी दाहक यंत्रे बसवितात. कमी तापमानावर प्लॅस्टिक जाळले तर विषारी वायू निर्माण होतात, आणि हे यंत्र बंद खोलीत चालत असेल तर तो धूर तेथील सफाई कामगाराच्याच श्वासात जातो. त्यापेक्षा झाकणाचे स्वतंत्र भांडे, गुंडाळण्यासाठी कागद, ठरलेल्या दिवशी वेगळी उचल आणि महानगरपालिकेच्या यंत्रणेकडे वेगळीच सुपूर्दगी, ही पद्धत अधिक सुरक्षित आहे. पुण्यातच स्थापन झालेल्या पॅडकेअर लॅब्ज या उद्योगाने वापरलेल्या पॅडमधून लगदा आणि प्लॅस्टिक निराळे काढण्याचे तंत्र विकसित केले आहे. मोशीच्या कचरा डेपोवरील भार हलका करण्याचा असा मार्ग हाताच्या अंतरावर असताना या पट्ट्यातील संस्थांनी त्याचा लाभ घेणे इष्ट ठरेल.

कर्मचारी भगिनी

या विषयाची चर्चा विद्यार्थिनींपाशी येऊन थांबते. परंतु सकाळी साडेसहाला जी स्त्री वर्गखोल्या झाडते, जी फाटकावर आठ-दहा तास उभी असते, जी भोजनगृहात पोळ्या लाटते, तिची गरज तीच आहे आणि तिचे वेतन सर्वांत कमी आहे. या स्त्रिया बहुधा कंत्राटदाराच्या पटावर असतात. त्यामुळे संस्थेच्या कल्याणकारी सोयींत त्यांची गणना होत नाही. फाटकावरील महिला रक्षकाला जागा सोडून जाता यावे म्हणून बदली माणूस नसेल, तर स्वच्छतागृहातील भरलेली मांडणीही तिच्या कामाची नाही. जी सफाई कामगार पॅड टाकण्याचे भांडे रिकामे करते तिने मांडणीतील पॅड घेतले तर तिला कोणी हटकू नये, आणि तिच्या हातांत हातमोजे असावेत.

या पट्ट्यातील उद्योगांना हे तत्त्व नवे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धुण्याची जागा, स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि प्रथमोपचाराची पेटी या गोष्टी मालकाच्या मर्जीवर न सोडता कर्तव्य म्हणून ठरवून दिल्या होत्या. जखमेवरची पट्टी कामगाराने घरून आणावी असे कोणी म्हणत नाही. जो न्याय कारखान्याने पट्टीला लावला, तो विद्यापीठाने पॅडला लावावा आणि कारखान्यानेही तो पुढे चालवावा. चाकणच्या कारखान्यांत उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थिनी दोन्ही आवारांत वावरतात. एका फाटकातून दुसऱ्या फाटकात जाताना त्यांची सोय संपू नये.

कार्यवाहीची दिशा

हे काम देणगीवर आणि दिनविशेषावर सोपवून चालणार नाही. ८ मार्चला वाटलेली पाकिटे एप्रिलमध्ये संपतात आणि जूनमध्ये नवीन वर्ग सुरू होतात तेव्हा मांडणी रिकामी असते. साबण, फिनेल आणि विजेचे दिवे ज्या शीर्षाखाली खरेदी होतात त्याच आवर्ती खर्चाच्या शीर्षाखाली पॅडची तरतूद व्हावी. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करण्यास सांगितले आहे. या पट्ट्यातील कंपन्यांनी त्यातून स्वच्छतागृहांची दुरुस्ती, पाण्याच्या टाक्या आणि भांडी यांचा एकवेळचा खर्च उचलावा. वर्षानुवर्षे चालणारा पुरवठा संस्थेने स्वतःच्या पैशांतून करावा.

मांडणी भरण्याचे काम विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेतील विद्यार्थिनींकडे मानधनावर देता येईल. आठवड्यातून दोनदा साठा मोजला जाईल आणि किती पॅड लागली याचा आकडा दर महिन्याला प्राचार्यांपुढे येईल. कोणी घेतली याची नोंद मात्र राहणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून मुलांनाही या विषयाची शास्त्रीय माहिती द्यावी, कारण वर्गातील कुजबुज थांबविणे हे त्यांच्याच हाती आहे.

१८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकविण्यास निघालेल्या सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ पासून या भागातील विद्यापीठाला आहे. त्या काळी मुलगी शाळेच्या दारात पोहोचणे हीच लढाई होती. आज ती प्रयोगशाळेपर्यंत आणि मोटारींच्या जोडणी-साखळीपर्यंत पोहोचली आहे. तेथे तिला आणि तिच्यासोबत राबणाऱ्या भगिनींना पूर्ण दिवस निश्चिंतपणे थांबता यावे, एवढेच आता करावयाचे आहे. येत्या शैक्षणिक वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना या पट्ट्यातील प्रत्येक संस्थेने त्यात या खर्चाची एक ओळ घालावी आणि कपाटाची किल्ली कायमची काढून टाकावी.